अकरा नंबरचे शेंडे

साळवेसाहेब,

तुमच्या मातीला मी आलो होतो. केडगावच्या दफनभूमीच्या फाटकापर्यंत आलो आणि तिथंच लिंबाच्या झाडाखाली उभा राहिलो. आत आलो नाही. लोकांना वाटलं असेल, हा वडगावच्या शेलारांचा, ख्रिस्ती माणसाच्या मातीत कसं वागायचं ते याला ठाऊक नसेल म्हणून बाहेर थांबलाय. तसं काही नव्हतं. आत रूथवहिनी होत्या, आणि त्यांना ठाऊक आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. प्रार्थना चालू असताना त्यांनी एकदा मान वर करून फाटकाकडं पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मी महिनाभर लावत होतो.

तुम्ही हसला असता. "शेलार, तुम्ही संशय फार घेता," असं तुम्हीच एकदा म्हणाला होता. मी म्हणालो होतो, "तुमच्याचकडनं शिकलो, साहेब." तेव्हा आपण दोघंही हसलो नव्हतो.

आपली गाठच संशयात पडली. मी शिरूरच्या शाळेतून मॅट्रिक झालेला, वनखात्यात मोजणी मदतनीस म्हणून लागलेला. तुम्ही संशोधन सहायक. पहिल्या दिवशी तुम्ही माझे कागद पाहिलेत आणि विचारलंत, "वडगाव रासाईच्या शेलार आप्पांचे तुम्ही कोण?"

"पुतण्या. त्यांनीच वाढवलं मला."

तुम्ही वहीत काहीतरी लिहिलंत. काय लिहिलंत म्हणून मी विचारलं, तर म्हणालात, "नातं. इथं सगळं नात्याचंच काम आहे."

मला तो विनोद वाटला. संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना वाटलं, विनोद नव्हता.

काम काय होतं, ते मला समजायला वर्ष लागलं. भीमेच्या आणि घोडनदीच्या काठावरून, बांधांवरून, माळांवरून तुम्ही बाभळीची वीस झाडं निवडली होती. चांगली उंच, सरळ, नांगराला आणि गाडीच्या चाकाला लाकूड देतील अशी. प्रत्येक झाडाच्या शेंगा वेगळ्या पिशवीत, प्रत्येक पिशवीला नंबर. त्यांची रोपं करून केडगावजवळच्या गायरानावर चार तुकड्यांत लावायची. प्रत्येक तुकड्यात वीसही झाडांची लेकरं. तुम्ही त्यांना घराणी म्हणायचा. आणि मग दर वर्षी दिवाळीनंतर मोजायचं.

"एका आईची लेकरं चारही तुकड्यांत एकसारखी वाढली, तर गुण आईचा," तुम्ही मला समजावलं होतं. "एका तुकड्यातली सगळी वाढली, मग आई कुठलीही असो, तर गुण मातीचा. आई किती आणि माती किती, एवढंच आपल्याला काढायचंय. ते कळल्याशिवाय कुणाचं बी गावोगाव वाटायचं, हे कसं ठरवणार?"

"आणि बाप?"

"बापाचं काय. फुलावर कुठली माशी कुठून आली, कोण सांगणार? बाप सगळ्यांचाच अज्ञात. म्हणून तर आईवरून हिशेब."

वीस झाडांतलं अकरावं आमच्या आप्पांच्या बांधावरचं होतं. नदीच्या अंगाला, सरळसोट. आमच्या घरातले नांगर पिढ्यान् पिढ्या त्याच वाणाच्या लाकडाचे. आप्पांनी स्वतः तुम्हाला नेऊन ते दाखवलं होतं, खोडावर थाप मारून. दहा गावांत ज्यांचा शब्द चालतो असा माणूस. पण त्या दिवशी ते नवी बैलजोडी दाखवणाऱ्या शेतकऱ्यासारखे हरखले होते. "ह्येच्या तोडीचं झाड तालुक्यात घावायचं न्हाई, साळवेसायेब. लिवून घ्या."

तुम्ही लिहून घेतलंत. फक्त "अकरा" एवढंच.

त्या उन्हाळ्याची मला फार आठवण येते, साहेब. त्यात संशय सगळ्यात कमी होता. खात्याची जुनी पद्धत म्हणजे धनगरांच्या वाड्यावरून शेळ्यांच्या लेंड्यांतलं बाभळीचं बी गोळा करायचं. ते झटकन उगवतं. मी तसंच एक पोतं उत्साहानं घेऊन आलो. तुम्ही पोत्यात डोकावलात आणि माझ्याकडं इतक्या गंभीरपणे पाहिलंत की मी घाबरलो. "शेलार, शेळीला आई विचारता येत नाही हो." मग आपण आठ दिवस व्हरांड्यात बसून शेंगा फोडल्या, बी उकळत्या पाण्यातून काढलं, बोटं भाजून घेतली. रूथवहिनी मिशनच्या शाळेतून परतताना डोकावायच्या आणि कैऱ्यांच्या फोडी ठेवून जायच्या.

त्याच उन्हाळ्यात वडगावहून परतताना, होडीत, शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन तुम्ही मला तुमच्या आईबद्दल सांगितलंत. मी विचारलं नव्हतं. तुमची आई दिवस गेलेले असताना मिशनच्या आश्रयाला आली, एकटी, कुठून आली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तुमचा जन्म तिथलाच. साळवे हे आडनाव तिथल्या एका शिक्षकानं दिलेलं. "म्हणून मला हे काम आवडतं," तुम्ही पाण्याकडं बघत म्हणालात. "कधी कधी वाटतं, माझ्यात तिचं किती आणि त्या आवाराचं किती? त्या माणसाचं किती, ते तर कुठल्याच गणितात येत नाही."

होडीवाला दूर टोकाला होता. ऐकणारा मी एकटाच.

पुढचं सरळ लिहितो. ते मी घरी जाऊन आप्पांना सांगितलं. वाईट हेतूनं नव्हे. मोठ्या माणसानं आपल्याला विश्वासात घेतलं, ही फुशारकी होती.  आप्पांनी ते मनात ठेवून दिलं.

पाऊस लागल्यावर लागवड. कुठल्या घराण्याची रोपं कुठल्या रांगेत, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं होतं. चिठ्ठ्या उचलायला शिपाई, आमच्याच गावचा. पहिल्या दोन तुकड्यांत अकरा नंबर नाल्याकडच्या काळ्या मातीवर आला. तुम्ही हात वर केलात, सगळ्या चिठ्ठ्या परत घेतल्यात, फाडल्यात, नव्या केल्यात आणि स्वतः उचलल्यात.

मला ते लागलं. "साहेब, नशिबानं आलेलं तुम्हाला पटलं नाही म्हणून बदलायचं, ही पण लबाडीच झाली की."

"अकराच्या चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला होता, शेलार."

तुम्ही माझ्याकडं पाहत होता. शिपायाकडं नाही.

तो कोपरा मी दुमडला नव्हता. चिठ्ठ्या करायला मी हातभार लावला होता, हे खरं. पण कोपरा मी दुमडला नव्हता. शिपायानं दुमडला, की नुसती घडीच तशी पडली, की कोपरा दुमडलेला नव्हताच आणि तुम्हाला अकरा तिथं नको होता, यातलं काय खरं ते मी आजही सांगू शकत नाही. या एका गोष्टीवरून आपण पुढं कितीदा भांडलो. दर वेळी तुम्ही म्हणायचा, "तुम्ही दुमडला असं मी म्हटलंय का?" म्हटलं नव्हतंच. तुमची न म्हणण्याची पद्धतच जास्त लागायची.

पहिली तीन वर्षं मोजणी मी एकट्यानं केली. तुम्ही कचेरीत बसून वर्ग, बेरजा, भागाकार करत असायचा. मी काटे खात, पायऱ्या आखलेला बांबू घेऊन रांगारांगांतून फिरायचो. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी टिनाच्या पट्टीवर घराण्याचा नंबर. तिन्ही वर्षी अकरा पहिला. चारही तुकड्यांत पहिला. काळ्या मातीत पहिला, मुरमातही पहिला.

"आईचा वाटा एवढा मोठा?" तुम्ही कागद खाली ठेवलात. आनंद झालेला दिसला नाही. "बाकीच्या एकोणीस घराण्यांत माती वरचढ आहे. फक्त अकरालाच माती लागत नाही म्हणता?"

"झाडच तसं हाय, साहेब." रागावलो की माझी गावची बोली बाहेर पडते.

"असेल," तुम्ही म्हणालात.

चौथ्या वर्षीची एक गोष्ट. सोमवारी सकाळी गायरानावर गेलो की रांगांमधल्या मातीत सायकलच्या चाकाचे वण दिसायचे. रविवारी तर सुट्टी. मला वाटलं, अकराच्या मुळाशी कोणीतरी काही करतंय. मीठ घालत असेल, मुळं तोडत असेल. कोण, तेही वाटलं. एका रविवारी भर दुपारी मी नाल्यात दबा धरून बसलो. तुम्ही दोघं आलात. चर्चचे पांढरे कपडे तसेच, पायजमा वर दुमडलेला. तुम्ही बांबू धरून आकडा सांगत होता आणि रूथवहिनी पदर डोक्यावरून घेऊन वहीत लिहीत होत्या. झाडाला तुम्ही नखही लावलं नाहीत.

मी उठून समोर यायला हवं होतं. आलो नाही. माझ्या मागं मोजताय म्हणजे मला चोर ठरवताय, एवढंच डोक्यात घेऊन नाल्यानाल्यानंच निघून आलो. तुमच्या दोघांच्या सुट्टीचे किती रविवार त्या काट्यांत गेले, हा विचार मला त्या दिवशी शिवला नाही.

पुढच्या मोजणीआधी तुम्ही सगळ्या टिनाच्या पट्ट्या काढल्यात. जागी नुसती खुणेची अक्षरं लावलीत, प्रत्येक तुकड्यात वेगळी. कुठलं अक्षर म्हणजे कुठलं घराणं, ते फक्त तुमच्या पेटीत. "माझ्यावर अविश्वास?" मी विचारलं.

"माझ्यावरसुद्धा, शेलार. मलाही माहीत नसतं तर अजून बरं झालं असतं."

मी त्या वर्षी रागारागानं पण नीट मोजलं. अक्षरं उलगडली तेव्हा अकरा मधोमध आला होता. ना पुढं, ना मागं.

घरी येऊन मी आप्पांना सांगितलं. आप्पा बंडी घालत होते, एक हात बाहीत तसाच राहिला.

"तीन साल पयला, आन् पाट्या काडल्या का लगीच मदी? त्यानं बदलल्यात नंबर. सरळ हाय."

"तसं दिसतंय."

"दिसनारच! ज्येच्या सोताच्या बापाचा पत्ता न्हाई, त्यो आमच्या झाडाचा वंश सांगनार व्हय?"

आणि मी हसलो, साहेब. तुम्ही मला होडीत सांगितलेल्या गोष्टीवर मी हसलो.

त्या आठवड्यात पुण्याच्या कचेरीला निनावी अर्ज गेला. मी लिहिला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बोरू बारीक करून, अक्षरं सुटी सुटी काढून. साळवे आकड्यांत फेरफार करतात, सुट्टीच्या दिवशी परक्या माणसांना घेऊन लागवडीत शिरतात, आणि शेवटी आप्पांचं वाक्य, जरा शुद्ध करून: "ज्याच्या स्वतःच्या बापाचा पत्ता नाही, त्याने झाडांचे अनुवंशिक गुण ठरवावेत हा खात्याला कलंक आहे."

महिन्याभरात चौकशीचे साहेब आले. गायरानावरच टेबल मांडलं. मला वाटलं होतं तुम्हाला एकट्याला विचारतील. त्यांनी दोघांना उभं केलं आणि अर्ज तुमच्या हातात दिला. तुम्ही चष्मा लावून पूर्ण वाचलात, सावकाश, माझे मोजणीचे कागद वाचायचा तसा. शेवटच्या ओळीवर थांबलात. मी बाभळीच्या काट्यांकडं बघत होतो. तुम्ही कागद घडी करून परत दिलात आणि म्हणालात, "बापाचा पत्ता नाही हे खरं आहे, साहेब. बाकीचं तपासून घ्या."

तेवढंच. आवाज चढला नाही, पडला नाही. चौकशीचे साहेबच ओशाळले.

त्यांनी तपासलं. काही रांगांच्या जुन्या टिनाच्या पट्ट्या परत लावायला सांगितल्या, आणि मला म्हणाले, "तुम्ही मोजता तसं मोजून दाखवा." मी अकरापासून सुरुवात केली. दुसरं झाड, तिसरं झाड. बाभळीचा शेंडा वाऱ्यानं एका अंगाला कललेला असतो. मी बांबूच्या टोकाची खाच शेंड्यात अडकवून तो सरळ उभा केला आणि आकडा सांगितला. मग शेजारच्या सतराकडं गेलो. कलता शेंडा कलताच ठेवला आणि आकडा सांगितला.

तिथं मला माझा हात दिसला. आयुष्यात पहिल्यांदा.

अकराचे शेंडे मी तीन वर्षं सरळ करत आलो होतो. वीतभर, कधी त्याहून जास्त. मुद्दाम? मी स्वतःला हे इतक्यांदा विचारलंय की उत्तर झिजून गेलंय. मुद्दाम म्हणावं तर मी कधी ठरवलं नव्हतं. नकळत म्हणावं तर दर वेळी फक्त अकराच्याच रांगेत कसं? चौकशीचे साहेब वहीत बघून लिहीत होते, त्यांना दिसलं नाही. तुम्हाला दिसलं. तुम्ही माझ्या हाताकडं पाहिलंत, मग माझ्याकडं पाहिलंत, आणि चष्मा काढून पुसलात.

मी वाट पाहिली. आता बोलाल, आता बोलाल. तुम्ही बोलला नाहीत. तुमचे रविवारचे आकडे आणि साहेबांनी स्वतः घेतलेले आकडे जुळले, तुम्ही सुटलात. तुमच्या अहवालात एक ओळ आली: "पहिल्या तीन वर्षांत शेंड्याच्या मोजणीची पद्धत एकसारखी नव्हती, पुढे नियम करावा." माझं नाव नाही. अकराचं नाव नाही.

त्यानंतर आपण तीन वर्षं बरोबर काम केलं. तुम्ही मला वर्गांच्या बेरजा शिकवल्यात, फरक वेगळे काढायला शिकवलंत. माझ्या धाकटीच्या बारशाला रूथवहिनींनी टोपडं विणून पाठवलं. प्रत्येक गोष्टीवर मला संशय यायचा. हा माणूस ठाऊक असून गप्प आहे, की ठाऊकच नाही? गप्प असेल तर कशासाठी? दया करतोय? मला आयुष्यभर वाकवून ठेवायचंय? की आप्पांची भीती? तुमच्या घरचा चहा पितानाही मी तुमच्या चेहऱ्याकडं पाहायचो. होडीतली गोष्ट केडगावात पाचपन्नास लोकांना ठाऊक असेल. वडगावात ती मीच नेली होती. अर्जातली ती ओळ त्या लोकांपैकी कुणाची, की होडीत ऐकलेल्या माझी, हे तुम्ही ओळखलं असेल का?

एकदा मी तक्त्याचं शीर्षक लिहीत होतो. तुम्ही मागून वाकून पाहिलंत. "अनुवंशिक नव्हे, आनुवंशिक. अ ला काना हवा, शेलार. दुसऱ्यांदा सांगतोय."

दुसऱ्यांदा. मी तो शब्द तुमच्यासमोर तोवर कधी लिहिला नव्हता. एकदाच लिहिला होता, तोही पुण्याला पाठवलेल्या कागदावर. की आधी कधी तुम्ही वर्गात सांगावं तसं सहज सांगितलं असेल आणि मी विसरलो असेन? त्या एका शब्दानं माझी किती झोप खाल्ली. वळून विचारायचं धाडस झालं नाही. मी काना दिला.

मग तुम्हाला कावीळ झाली. तीन आठवडे. मी दोनदा दवाखान्यात आलो. दुसऱ्या वेळी तुमचे डोळे हळदीसारखे पिवळे होते आणि तुम्ही विचारलंत, "यंदाची मोजणी?" मी म्हणालो, "झाली, साहेब. शेंडे आहेत तसे मोजले." तुम्ही मान हलवलीत आणि डोळे मिटलेत. मी आणखी थोडा वेळ बसलो असतो, तर सांगितलं असतं. बाहेर केडगावची गाडी चुकेल, असं मनाला समजावून उठलो.

तुमच्या जागी जोगळेकरसाहेब आलेत. तरुण आहेत, हुशार आहेत, सात वर्षांचे सगळे आकडे एकत्र घेऊन बसले. गेल्या आठवड्यात मला बोलावलं. चेहरा उजळलेला. "शेलार, अकरा नंबर सगळ्यांच्या पुढं येतोय! उंचीत आईचा वाटाही चांगला निघतोय. या उन्हाळ्यात त्या झाडाच्या सगळ्या शेंगा उतरवू. दोन्ही तालुक्यांत बांधांवर हेच बी."

"साहेब, साळवेसाहेबांची टीप..."

"पद्धतीबद्दलची? बघितली. असा थोडाफार फरक सगळ्यांना सारखाच लागू असतो. सरासरीत जिरून जातो."

साळवेसाहेब, इथं मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही, जो माणूस चिठ्ठीचा दुमडलेला कोपरा सहन करत नव्हता, तुम्ही ती ओळ इतकी मवाळ का लिहिलीत? सगळ्यांना सारखाच नव्हता तो फरक. फक्त अकराला होता, हे तुम्हाला डोळ्यांनी दिसलं होतं. मला वाचवताना तुम्ही तुमचेच आकडे बुडवलेत. शेतकरी वीस वर्षं बाभूळ वाढवणार आणि मग त्याला कळणार की उंची काही वेगळी नाही. याचा जाब मी तुम्हाला विचारतोय, आणि हेही ठाऊक आहे की तो विचारायचा अधिकार सगळ्यात कमी माझाच.

मी जोगळेकरसाहेबांकडं तुमची कचेरीतली पेटी उघडायची परवानगी मागितली. रविवारच्या वह्यांमध्ये, रूथवहिनींच्या अक्षरात, उंचीच्या शेजारी आणखी एक रकाना होता: खोडाचा सरळपणा. त्यात अकरा चारही तुकड्यांत पहिला होता. चौकशीच्या आधीही आणि नंतरही. खाली तुमच्या हातानं लिहिलेलं: "उंची बहुतेक मातीची. सरळपणा आईचा. अकराचं बी खोडासाठी घ्यावं, उंचीसाठी नव्हे. अजून दोन मोजण्या हव्यात." आमच्या झाडावर तुम्ही डूख धरून आहात असं मी पाच वर्षं धरून चाललो होतो. त्याचं खरं माप तुम्हीच एकट्यानं घेतलं होतं.

मी ती वही आणि एक अर्ज जोगळेकरसाहेबांपुढं ठेवला. या वेळी माझ्या नेहमीच्या अक्षरात, खाली सही. पहिल्या तीन वर्षांच्या अकरा नंबरच्या मोजण्या मी शेंडे सरळ करून घेतल्या, इतर घराण्यांच्या नाही. त्या हिशेबात धरू नयेत. साळवे यांच्याविरुद्धचा निनावी अर्जही माझाच.

त्यांनी दोनदा वाचलं. "तुम्हाला कळतंय ना, यावर मला कारवाई करावी लागेल?"

"होय."

"शेवटची ओळ कशाला? ती लागवडीशी संबंधित नाही. काढून टाका हवं तर."

"राहू द्या, साहेब."

आप्पांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते ओट्यावर सुपारी कातरत होते. 

"म्हंजी झाड माझं खोटं?"

"झाड खरं हाय, आप्पा. माप खोटं व्हतं. माझं."

"आन् ह्ये तू लिवून दिलंस? नोकरी जाईल तुजी."

"जाईल कदाचित."

"मेल्या मानसाला काय कळतंय, सांग मला. कुनासाठी केलंस?"

 ते उठून आत गेले.  तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "सरळ हाय म्हनला व्हता का त्यो? खोड?" मी म्हणालो, "व्हय. चारी ठिकानी पयलं." आप्पा नदीकडं तोंड करून बसले. त्यांना काय वाटलं, मी विचारलं नाही.

आणि मग काल मी केडगावला तुमच्या घरी गेलो. दार रूथवहिनींनी उघडलं. मी उंबऱ्याच्या बाहेर उभ्यानंच सगळं सांगितलं. होडीतलं, आप्पांना सांगितलेलं, हसलेलं, अर्ज, शेंडे, जोगळेकरांपुढं ठेवलेली वही, सगळं. थांबलो असतो तर परत फिरलो असतो. त्या दाराची कडी धरून ऐकत होत्या.

"त्यांना ठाऊक होतं का, वहिनी?" मी विचारलं. मी गेलो होतो ते खरं तर एवढ्याचसाठी. दफनभूमीत त्यांनी फाटकाकडं पाहिलं ते का, तुम्ही "दुसऱ्यांदा सांगतोय" म्हणालात ते का, सगळ्याची एक गाठ त्यांनी सोडवावी म्हणून.

"मला नाही माहीत," वहिनी म्हणाल्या. "ते कधी काही बोलले नाहीत. तो कागद आला तेव्हा घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत, एवढं माहीत आहे. कोणी लिहिला, मी विचारलं नव्हतं." मग म्हणाल्या, "आता माहीत झालं."

मी माझं ओझं त्यांच्या उंबऱ्यावर नेऊन टाकलं होतं, हे मला तेव्हा उमगलं. दफनभूमीत त्यांनी फाटकाकडं पाहिलं, ते फक्त पाहिलं होतं. त्यात काही नव्हतं. असलंच काही, तर ते आजपासून असणार.

मी जायला वळलो. पायरी उतरलो होतो तेव्हा त्यांचा आवाज आला.

"शेलार."

मी थांबलो.

"दोन मोजण्या राहिल्यात म्हणत होते ते. जोगळेकरांना वही वाचता यायची नाही, माझं अक्षर बारीक आहे. कोणीतरी बरोबर बसून उतरवून घ्यायला हवं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "आज नको. आज मला तुमच्याशी बोलवत नाही. मंगळवारी या."

साहेब, नोकरीचं काय होईल माहीत नाही. वहिनी मला घरात घेतील की व्हरांड्यातच बसवतील, तेही माहीत नाही. मी मंगळवारी जाणार आहे.